कौल मिळाला की निघू

मालवणला कधी जावं, हा प्रश्न मराठी माणसांच्या घोळक्यात मोठ्यानं विचारू नये. ‘कसं जावं’ विचारलं तर फार तर तीन तट पडतात. एक गगनबावड्याचा, दुसरा फोंडाघाटाचा आणि तिसरा ‘वेळ गेला तरी चालेल, पण उतरायचं ते आंबोलीतनंच’ म्हणणारा. ‘कुठं राहावं’ विचारलं तर प्रत्येकाच्या ओळखीतला एक माणूस निघतो आणि तो नेमका त्या आठवड्यात मुंबईला गेलेला असतो. पण ‘कधी’ म्हटलं की लोक सल्ला देत नाहीत, कीव करतात. ‘मे? अहो, शिजून निघाल.’ ‘जुलै? तिथं जाऊन खिडकीतून पाऊसच बघायचा, तर आपली खिडकी काय वाईट आहे?’ ‘डिसेंबर? मग लक्ष्मी रोडलाच जा की, तीच माणसं भेटतील.’ यातला प्रत्येक जण स्वतः त्याच महिन्यात जाऊन आलेला असतो आणि त्याच्या मोबाइलमध्ये तिथले हसरे फोटो असतात.

सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा आहे, असं 1997 साली जाहीर झालं. कोणत्या महिन्यात, ते जाहीर करायचं राहून गेलं.

आमच्या घरी हा विषय निघाला तेव्हा प्रत्येकानं आपापली अट मांडली. सासरे, म्हणजे नाना, म्हणाले, ‘मला झाडाखाली बसून देवगड हापूस खायचाय. बाकी समुद्र असला काय, नसला काय.’ चिरंजीवांना पाण्याखाली जायचं होतं. पाण्याबाहेरच्या कुठल्याही गोष्टीत त्यांना गेल्या दोन-तीन वर्षांत रस उरलेला नाही. सौभाग्यवतींना हिरवं हवं होतं आणि माणसं नको होती. आईला ताजा मासा हवा होता. पण सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. शिवाय एकादश्या, संकष्ट्या आणि आईनं वेळोवेळी बोललेले, आता कशासाठी बोललो ते न आठवणारे पण चालू असलेले नेम. माझी मागणी एवढीच होती, की एकदा पोचल्यावर मला कुणी काही विचारू नये.

एवढ्या अटी घालून मुलीसाठी स्थळ शोधलं असतं तर ती जन्मभर घरीच राहिली असती.

यावर तोडगा म्हणून मी आचऱ्याच्या भाऊंना फोन लावला. आचरा हे मालवणच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवरचं गाव. तिथं भाऊंनी घरामागं चार खोल्या बांधून राहण्या-जेवणाची घरगुती सोय केली आहे. भाऊ कुठल्याच महिन्याला नाही म्हणत नाहीत. आधी ‘येवा मां’ म्हणतात, मग ‘एसी होया काय नॉन-एसी?’ विचारतात आणि हे दोन्ही झाल्यावर, अगदी सावकाश, त्या महिन्यात काय काय नसतं ते सांगायला लागतात.

पहिली बाजू नानांची, म्हणून पहिला महिना मे.

‘येवा मां,’ भाऊ म्हणाले. ‘आंबो, फणस, करवंदां, जांभळां, सगळा आसता. एसी होया काय नॉन-एसी?’

‘सासऱ्यांना झाडावर पिकलेला हापूस खायचाय.’

भाऊ थोडा वेळ गप्प राहिले. ‘झाडावर पिकलेलो आंबो माकडां खातत,’ ते म्हणाले. ‘माणसां आढयेतलो खातत.’

हे नानांना सांगणं जड गेलं. आंब्याच्या बाबतीत नाना म्हणजे सर्वोच्च न्यायालय. पण हापूस तयार झाला की हिरवाच उतरवतात, गवताच्या आढीत घालतात आणि आठवडाभरानं वगैरे तो खायच्या रंगावर येतो, हे त्या न्यायालयापुढं कधी आलंच नव्हतं. त्यातून चांगला माल पेटीत भरून थेट वाशीच्या बाजारात जातो. बागवाल्याच्या घरी उरतो तो डागी किंवा बारका, नाहीतर परसातला रायवळ, जो घरातली मंडळी चोखून खातात आणि पाहुण्यापुढं ठेवायला लाजतात. म्हणजे देवगडच्या उत्तम हापूससाठी देवगडला जायचं, तर तो वाशीला निघालेला. आणि नाना राहतात ऐरोलीला.

शिवाय मेमध्ये कोकणातलं अंगण घराचं नसतं, येणाऱ्या पावसाळ्याचं असतं. रातांबे फोडून त्यांची सालं रसात बुडवून वाळत घातलेली, म्हणजे आमसुलं. त्याच्या शेजारी आंब्याची पोळी, फणसाची पोळी, पापड, कुळीथ, मिरच्या, आणि कुत्र्यामांजरांपासून राखण बसवलेला सुका बांगडा. या सगळ्याला मिरगाच्या आत डब्यात जायचं असतं. अशा अंगणात खुर्ची टाकून चहा मागणारा पर्यटक म्हणजे नसती अडचण. त्याला फक्त एकच काम सांगता येतं, ‘कावळे हाकला.’

आणि त्या चार खोल्या? ‘मेत आमची मुंबयची माणसां येतत,’ भाऊ म्हणाले. ‘पण येवा तुमी. पडवेत गादये घालतंव.’

रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. 2024 च्या नोव्हेंबरपर्यंत ते 120 दिवस आधी उघडायचं. फरक एवढाच पडला, की पूर्वी आपल्याला तिकीट मिळणार नाही हे चार महिने आधी कळायचं, आता दोन महिने आधी कळतं. मालवणला रेल्वे जात नाही, कुडाळला किंवा कणकवलीला उतरून पुढं जावं लागतं, ही त्यातली समजूतदार बाब. निदान मालवणचं तिकीट नाही मिळालं असं कुणाला म्हणता येत नाही.

बरं, मे म्हणजे तरी कोरडा असेल, याची खात्री कोण देणार? 2025 साली मोसमी पाऊस 25 मे रोजीच देवगडपर्यंत येऊन ठेपला. साधारणपणे तो जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. मेचा शेवटचा आठवडा ‘सेफ’ म्हणून बुक केलेल्या मंडळींनी आठवडाभर पत्रे वाजताना ऐकले. आणि अंगणातल्या आमसुलांचं काय झालं असेल, ते कोकणातल्या बायकांनाच माहीत.

दुसरी बाजू सौभाग्यवतींची. हिरवं हवं आणि माणसं नकोत. या दोन्ही अटी जुलै महिना तंतोतंत पाळतो. नुसतं हिरवं नाही, इतकं हिरवं की भिंत, कौल, विहिरीचा कठडा आणि एखाद दिवस हलवली नाही तर मोटारसायकलही हिरवी. माणसं तर नसतातच. असतात ती भातलावणीच्या चिखलात गुडघाभर, इरलं किंवा प्लास्टिक पांघरून.

भाऊंचा आवाज मागच्या पावसात नीट ऐकू येत नव्हता. ‘बघूक बरां दिसता,’ असं काहीसं ते म्हणाले. ‘दिसला तर.’

आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. खाली मालवणला त्या मानानं कमी, म्हणजे माणूस वाहून जात नाही, नुसता भिजून परत येतो. कोकणात हा पाऊस हवामान खात्याइतकाच नक्षत्रांवरून मोजतात. मृग, आर्द्रा, मग पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस. प्रत्येक नक्षत्राला वाहन. बेडूक, म्हैस किंवा हत्ती असला तर भरपूर पडणार, असा समज. आमचं वाहन जुनी सेकंडहँड मोटार. तिचं नाव पंचांगात नाही, पण पाऊस पडला की तीही बेडकासारखी पुढं जायच्या ऐवजी वर उडते.

जुलैत मालवणच्या बंदरावर उभं राहिलं की समोर सिंधुदुर्ग किल्ला दिसतो. पाऊस उघडला तर. तिथं जायला होडी नसते. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत होड्याही बंद आणि पाण्यातले सगळे खेळही बंद. महाराजांनी 25 नोव्हेंबर 1664 रोजी कुरटे बेटावर या किल्ल्याचा पाया घातला तेव्हा जागाच अशी निवडली की आगंतुकानं सहज येऊ नये. साडेतीनशे वर्षं उलटून गेली, आगंतुक बदलले, नियम तोच. आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. भोवती खारं पाणी आणि मधे एवढा गोडवा. तो बघायला सौभाग्यवतींना बंदरावरच्या टपरीत चहा घेत सप्टेंबर उजाडायची वाट बघावी लागली असती.

पण जुलैचा खरा निकाल लावला तो आईनं. तिनं एकच प्रश्न विचारला, ‘मासा मिळेल ना?’

1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ, शिवाय खवळलेला समुद्र. दोन्ही कारणं इतकी रास्त आहेत की त्यांच्याशी भांडताही येत नाही. या दिवसांत कोकण उपाशी असतं असं मात्र नाही. पहिल्या पावसात ओहोळ वाहायला लागले की त्यातून उलट्या प्रवाहानं वर चढणारे ‘चढणीचे मासे’ पकडायला अख्खा गाव रात्री बत्त्या घेऊन बाहेर पडतो. मिरगाला कोंबडा कापायची रीत आहे. टाकळा, कुर्डू, फोडशी या रानभाज्या फुकट उगवतात आणि बाजारात विकत मिळतात. आणि सुक्या बांगड्याचं तिखलं, सुकटीची किसमुर, सोड्यांचं कालवण. ज्यानं जुलैच्या पावसात गरम पेजेबरोबर भाजलेला खारा बांगडा खाल्लेला नाही, त्यानं सुरमईबद्दल फार बोलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ते मी घरात बोललो नाही, कारण आईला ‘ताजा’ हवा होता आणि सौभाग्यवतींना तो वास कपाटातल्या साड्यांपर्यंत पोचतो असं वाटतं.

‘मग ऑगस्टात जाऊ,’ नाना म्हणाले. ‘बंदी उठते ना?’

बंदी उठते खरी. पण साधारण त्याच सुमाराला श्रावण लागतो. म्हणजे सरकारची बंदी उठते आणि आईची सुरू होते. आणि ही आईपुरती गोष्ट नाही. ट्रॉलर समुद्रात जायला मोकळे होतात, बाजारात टोपल्या यायला लागतात आणि निम्मा महाराष्ट्र तोंड फिरवून वालाचं बिरडं करायला बसतो. नारळीपौर्णिमेला मालवणच्या बंदरावर दर्याला सोन्याचा मुलामा दिलेलं श्रीफळ वाहतात, नारळ लढवायच्या स्पर्धा रंगतात. बघण्यासारखा सोहळा. आणि त्या दिवशी जेवायला नारळीभात.

श्रावणापाठोपाठ भाद्रपद. गणपतीत कोकणात पर्यटक म्हणून जाणं हा मला विनोदाचा नव्हे, धाडसाचा विषय वाटतो. मुंबईतून चाकरमानी निघालेले, गाड्यांचे दरवाजे माणसांनी बंद न होणारे, हमरस्ता आधीच वर्षानुवर्षं पूर्ण होत असलेला. भाऊंनी या वेळीही ‘येवा मां’ म्हटलं, पण एसीचं विचारलं नाही. ‘खोलये सगळे भरले,’ ते म्हणाले. ‘आमचेच माणसांनी. तुमी भजनाक येवा. रातभर आसता. मगे झोपूक खोली कित्याक होयी?’ युक्तिवाद बिनतोड होता.

ऑक्टोबराविषयी फार लिहिण्यासारखं नाही. भात कापणीला आलेलं असतं, हवा थांबलेली असते, घाम येतो आणि वाळत नाही. कोकण रेल्वेच्या लेखी तर निम्मा ऑक्टोबर पावसाळाच. गाड्या पावसाळी वेळापत्रकानं सावकाश येतात. 2019 मध्ये ऐन दिवाळीच्या दिवसांत क्यार चक्रीवादळानं सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर पाणी चढवलं. नोव्हेंबर शांत म्हणावा, तर 2009 च्या नोव्हेंबरात फयान आलं होतं. मे म्हणावा तर 2021 च्या मेमध्ये तौक्ते. वादळांनी तरी महिना ठरवून घ्यावा, तर तीही आमच्या घरच्यांसारखीच.

नोव्हेंबर-डिसेंबर हे चिरंजीवांचे महिने. पाऊस संपून गाळ खाली बसतो, पाणी निवळतं आणि तारकर्लीच्या समुद्रात बुडी मारली तर मासे, प्रवाळ आणि शेजारच्या सोसायटीतले ओक दिसतात. ओक या दिवसांत मालवणात सगळीकडे दिसतात. देवबागला, जेटीवर, सोलकढीच्या दुसऱ्या वाटीला. नाताळच्या आठवड्यात तर पुण्यामुंबईचा बराच भाग तिथं स्थलांतरित होतो आणि मग जेवणाच्या रांगेत उभं राहून एकमेकांना सांगतो, की फार कमर्शियल झालंय हो सगळं. 31 डिसेंबरला खोलीचा भाव ऐकून नानांना ऐरोलीतला स्वतःचा फ्लॅट भाड्यानं द्यावासा वाटला होता.

तरीही महिना उत्तम, यात शंका नाही. रापण बघायची तर थंडीतच. पन्नासेक माणसं दोन बाजूंनी दोर ओढतायत, जाळं वाळूवर येतंय, त्यात पेडवे, बांगडे, मधेच एखादी फसलेली सुळे, आणि प्रत्येक टोपलीचा वाटा आधीच ठरलेला. ओढायला हात लावलात तर तुम्हालाही मूठभर तारल्या मिळतात. मोबाइल धरायला हात लावलात तर मात्र ओरडा.

‘मग गर्दी संपल्यावर जाऊ,’ सौभाग्यवती म्हणाल्या. ‘जानेवारी-फेब्रुवारीत.’

इथं मला देवीची गोष्ट सांगितली पाहिजे. मालवण तालुक्यातल्या मसुऱ्याच्या आंगणेवाडीला भराडी देवीची जत्रा भरते. दीड दिवसाची, लाखो माणसांची. तिची खासियत अशी, की ती कुठल्याही तिथीला बांधलेली नाही. दिवाळीनंतर शेतीची कामं उरकली की देवीला कौल लावतात, ठरलेले विधी होतात आणि मग तारीख जाहीर होते. ती बहुतेकदा फेब्रुवारीत येते, कधी मागं-पुढं. कॅलेंडर छापणाऱ्याला आधी कळत नाही, रेल्वेला कळत नाही, मंत्र्यांना कळत नाही. आणि तारीख बाहेर पडली की लगोलग कुडाळ-कणकवलीच्या गाड्या भरतात. जादा गाड्या सोडतात, त्याही भरतात. जगात इतर ठिकाणी सुट्टीचा हंगाम हॉटेलवाले ठरवतात. इथं तो एक देवी ठरवते, आणि ती कुणाशीही आगाऊ चर्चा करत नाही. मला ही पद्धत मनापासून आवडते. मुंबईतला केवढाही मोठा साहेब असो, ‘रजा कधी हवी?’ या प्रश्नाला त्याच्या हाताखालच्या कोकणी माणसाचं उत्तर दिवाळीपर्यंत एकच असतं. ‘अजून कौल नाही मिळाला, सर.’

आचऱ्याहून आंगणेवाडी अगदी जवळ. म्हणजे त्या दिवसांत भाऊंकडे जागा नाही आणि ते दिवस कोणते, ते भाऊंनाही माहीत नाही. ‘बुकिंग घेतंय मी,’ भाऊ म्हणाले. ‘पण त्या टायमाक जत्रा इली तर तुमी आमच्यावांगडा जत्रेक. खोलयेत आत्ये, माम्ये आसतले.’ शिवाय गावोगावच्या जत्रा, रात्रभर चालणारे दशावतार, आणि पहाटे संकासुराच्या आरोळीनं दचकून उठलेले नाना. तेवढ्यात चिरंजीवांची पूर्वपरीक्षा.

महिन्यांचा असा निकाल लागल्यावर दिवसांकडे वळणं भाग होतं. चिरंजीवांनी लॅपटॉपवर एक रंगीत तक्ता केला. एका बाजूला तारखा, दुसऱ्या बाजूला माणसं. आईची लाल घरं इतकी होती की आठवड्यात उरले बुधवार, शुक्रवार आणि रविवार. त्यातला एक बुधवार एकादशीनं नेला. मग नानांनी त्यात भरती-ओहोटी घातली. नानांचं बालपण अलिबागकडचं. त्यांनी पंचांग उघडलं आणि तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, हे आम्हाला शिकवलं. अष्टमी असली तर आठाची पाऊणपट सहा. सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला समुद्र भरलेला, म्हणजे बाराच्या सुमाराला ओहोटी. देवबागच्या संगमावरचं वाळूचं बेट बघायचं तर ओहोटी हवी. किल्ल्याच्या होडीला दोन्ही चालतं. खाडीत कालवं काढायला ओहोटी हवी. पोहायला भरती बरी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणून चांदण्यात समुद्र बघायचा असेल तर लांबूनच. ‘आणि सुरमईला?’ आईनं विचारलं. ‘सुरमईला बुधवार,’ नाना म्हणाले.

हिशेब करता करता माझ्या एक गोष्ट लक्षात आली. या तक्त्यात मासा होता, आंबा होता, चंद्र, वारा, देवी, दत्त, मारुती, कोकण रेल्वे आणि पूर्वपरीक्षा होती. प्रत्येकाचा हंगाम दुसऱ्याच्या आड येत होता आणि तरीही शेकडो वर्षं तिथं सगळ्यांचं सुरळीत चाललं होतं. न बसणारे फक्त आम्ही पाच जण होतो.

शेवटी तडजोड झाली. नानांना मेमध्ये वाशीहून पेटी आणून द्यायचं ठरलं. ती त्यांच्याच खर्चानं, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. सौभाग्यवतींना पटवलं, की माड डिसेंबरातही हिरवाच असतो. गर्दी नको म्हणून नाताळच्या बऱ्याच आधीचे दिवस घेतले. मासेमारी चालू, पाणी नितळ, होड्या चालू, जत्रा लांब, परीक्षा त्याहून लांब. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. गुरुवारी आई उसळ खाणार. अष्टमीही जुळली. एवढं निर्दोष वेळापत्रक मी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. चिरंजीवांनी त्याची प्रिंट काढून फ्रीजवर लावली. भाऊंनी ‘येवा मां’ म्हटलं, ‘एसी होया काय नॉन-एसी?’ विचारलं आणि पहिल्यांदाच पुढं काहीही सांगितलं नाही.

निघायला थोडे दिवस उरले असताना त्यांचाच फोन आला.

‘तुमचा बुकिंग पक्का आसा,’ ते म्हणाले. ‘त्याची काळजी करू नकात. फकत त्या तीन दिसांत गाव नसतलो.’

‘गाव नसणार म्हणजे?’

‘म्हणजे गाव आसतलो. माणसां नसतली. रामेश्वरान कौल दिलो. गावपळण.’

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आचऱ्यात दर काही वर्षांनी ग्रामदैवत रामेश्वराच्या कौलानं अख्खा गाव घरं बंद करून वेशीबाहेर जातो. तीन दिवस, तीन रात्री. म्हातारी, तान्ही, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळे. कुठल्या धर्माचा, कुठल्या जातीचा, हे कुणी विचारत नाही. दुकानं बंद, रस्ते रिकामे, चुली थंड. वेशीपलीकडे माळावर, खाडीकाठी झावळ्यांच्या खोपी पडतात आणि हजारो माणसं तिथं जेवतात, गातात, पत्ते खेळतात. तीन दिवसांनी पुन्हा देवाला विचारतात. त्यानं हो म्हटलं की परत, नाही म्हटलं की आणखी मुक्काम.

म्हणजे आम्ही ज्या गावी सुट्टीला जायचं म्हणून एवढी खटपट केली, तो गाव स्वतःच सुट्टीवर निघाला होता. आणि त्याला ना रेल्वेचं आरक्षण लागलं, ना रंगीत तक्ता.

फोन स्पीकरवर होता. घरात थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग सौभाग्यवतींनी हळूच विचारलं, की तीन दिवस गावात कुणी म्हणजे कुणीच नसेल का? त्यांना हवं होतं ते एवढ्या शुद्ध रूपात याआधी कुणी देऊ केलं नव्हतं. ‘थंय रवाक गावाचा नाय, वयनीनू,’ भाऊंनी ऐकलं होतं. ‘तुमी आमच्यावांगडा येवा. सगळो गाव एका माळार आसतलो.’

सौभाग्यवतींचा चेहरा पडला. आईनं मासा मिळेल का विचारलं. खाडी हाताच्या अंतरावर आहे, हवा तेवढा मिळेल, असं भाऊ म्हणाले. चिरंजीवांनी रेंजची चौकशी केली. नानांनी जेवणानंतर आंब्याचं निदान लोणचं तरी असेल का, ते विचारून घ्यायला सांगितलं. मला विचारायचं होतं, की देवानं तिसऱ्या दिवशी ‘परत जा’ असा कौल नाही दिला तर आमच्या शनिवारच्या गाडीचं काय. पण तेवढ्यात भाऊच म्हणाले, की खोपी घालायला माणसं उद्याच माळावर जातायत, तेव्हा काय ते आत्ताच सांगा.

‘येतो,’ मी म्हटलं.

‘येवा मां,’ भाऊ म्हणाले. पलीकडे कागदावर काहीतरी लिहून घेतल्याचा आवाज आला. ‘एसी होया काय नॉन-एसी?’